डबा आधी, भंगार नंतर

रिकामा डबा घरात जपून ठेवायचा आणि चार-सहा साठले की भंगारात घालायचा, ही रीत जुन्या घरांची काटकसर म्हणून सांगितली जाते. कोल्हापुरात तिला आणखी एक कारण जोडतात. शहरात फौंड्र्या, फौंड्रीला लोखंड लागते, म्हणून भंगाराला भाव, आणि म्हणून घरोघरी पत्र्याचे डबे साठत. राजारामपुरीच्या बाबतीत तर हे कारण नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत (१९२२ ते १९४०) आकाराला आलेली ही आखीव वसाहत. मुख्य रस्ता, त्याला काटकोनात फुटणाऱ्या आणि पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, आणि तिला लागूनच शिवाजी उद्यमनगर, म्हणजे लेथ, शेपिंग मशीन आणि ओतकामाच्या भट्ट्यांचा पट्टा. एका बाजूला डबे रिकामे करणारी घरे, दुसऱ्या बाजूला लोखंड वितळवणारे कारखाने. इतके सोपे उत्तर हाताशी असताना दुसरे शोधायला कोण जाईल? तरीही हे उत्तर मला पटत नाही. डबा भंगारासाठी जपला जात होता असे मानले, तर त्या काळच्या बाजारातल्या आणि घरातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होत नाही. तो डबा म्हणूनच जपला जात होता असे मानले की त्यांची संगती लागते. भंगार हा त्या डब्याचा शेवट होता, आणि मोलाच्या दृष्टीने सगळ्यांत किरकोळ टप्पा होता. हा फरक आज महत्त्वाचा आहे, कारण धातू वेगळा ठेवा असे आपण नागरिकांना सांगतो तेव्हा कोणत्या जुन्या सवयीला हाक घालतो आहोत, हे नीट कळले पाहिजे.

सुरुवात रॉकेलच्या डब्यापासून करावी लागते, कारण पत्र्याचा मोठा डबा आपल्या घरांत आला तो त्याच्याबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून येणारे रॉकेल लाकडी खोक्यात यायचे. एका खोक्यात दोन चौकोनी डबे, प्रत्येकात चार इंपिरियल गॅलन, म्हणजे सुमारे १८ लिटर. १८९२ साली लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युअल यांनी हा खर्चिक प्रकार टाळायचे ठरवले. त्यांचे 'म्युरेक्स' हे टाक्या असलेले जहाज रशियन रॉकेल भरून त्या वर्षी ऑगस्टमध्ये सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेले. हिशेब सरळ होता. तेल सुटे न्यायचे, किनाऱ्यावरच्या टाक्यांत साठवायचे, गिऱ्हाइकाने आपले भांडे आणायचे. तेल स्वस्त पडणार, म्हणजे खपणार. प्रत्यक्षात पूर्वेकडच्या बाजारांत ते अडून राहिले. लोकांना तेलाबरोबर डबा हवा होता. स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या निळ्या डब्यांची छपरे होत, बादल्या होत, दिवे आणि चाळण्या होत. डब्याशिवायचे तेल त्यांना स्वस्त वाटेना. शेवटी सॅम्युअल यांना जहाजे भरून कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा पाठवावा लागला, पूर्वेच्या बंदरांत डबे बनवून घ्यावे लागले, आणि ते लाल रंगाने रंगवून बाजारात आणावे लागले. तेव्हा कुठे तेलाला उठाव आला. ज्या उद्योगातून पुढे शेल कंपनी उभी राहिली, त्याला आशियातल्या गिऱ्हाइकाने पहिल्याच फेरीत हा धडा दिला. यात भंगाराच्या भावाचा कुठे संबंध येत नाही. गिऱ्हाईक वस्तू विकत घेत होते, आणि त्या वस्तूत योगायोगाने तेल भरलेले होते, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

हिंदुस्थानात हीच मागणी इतकी मोठी झाली की डब्याच्या पत्र्यासाठी स्वतंत्र कारखाना काढावा लागला. १९२० साली बर्मा ऑइल आणि टाटा यांनी मिळून जमशेदपूरजवळ गोलमुरीला टिनप्लेट कंपनी स्थापन केली आणि १९२२ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. तेल विकणारी कंपनी पत्र्याच्या कारखान्यात भांडवल घालते, यावरून डब्याचे व्यापारातले वजन कळावे. कोल्हापूरला मिरजेहून रेल्वे आली १८९१ साली, शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली १८९५ साली. गूळ बाहेर जाणार आणि रॉकेल, कापड, लोखंडी सामान आत येणार, अशी ही पेठ. राजारामपुरी वसली तोवर चौकोनी डबा इथल्या घरांना नवा राहिलेला नव्हता.

रिकाम्या डब्याचे पुढे काय व्हायचे, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. वरचा पत्रा कापून काढायचा, कडा हातोडीने आत वळवायच्या म्हणजे हात कापत नाही, आणि तोंडाशी आडवी लाकडी दांडी ठोकायची. झाली पाण्याची बादली. कळंबा तलावाचे पाणी नळाने शहरात आले तरी पुष्कळ गल्ल्यांत ते सार्वजनिक चावीवरच भरावे लागे, आणि चावीवरच्या रांगेत घागरींच्या बरोबरीने असे डबे असत. दुसऱ्या डब्याला पत्र्याचे काम करणाऱ्याकडून बिजागरीचे झाकण लावून घेतले की तो धान्याचा, पापड-कुरडयांचा किंवा दिवाळीच्या फराळाचा डबा. उंदीर शिरत नाही, मुंगी चढत नाही, पावसाळ्यात दमट हवा लागत नाही. मातीच्या रांजणाला आणि कणगीला जे जमत नव्हते ते हा डबा करत होता. तिसरा डबा गळू लागला तर त्याच्या खालच्या अंगाला चौकोनी तोंड कापायचे, आतून मातीचा जाड लेप द्यायचा, आणि लाकडाचा भुसा ठासून भरायची शेगडी करायची. राहिलेल्या तुकड्याला खिळ्याने ओळीत भोके पाडली, खरखरीत बाजू वर ठेवली, दोन पट्ट्यांवर बसवला, की किसणी. त्याहून लहान तुकड्याची चिमणी, नरसाळे, रॉकेल मोजायचे माप. डालड्याच्या लहान डब्यात तुळस किंवा मोगरा, आणि अगदीच मोडकळीला आलेल्याचे टमरेल. हे सगळे झाल्यावर, पत्रा गंजून हाताने मोडू लागला म्हणजे, तो भंगारात जायचा. तोपर्यंत त्याच्यातले विकण्यासारखे फारसे उरलेले नसायचे.

'डालडा' १९३७ साली बाजारात आला आणि डब्यांच्या या घराण्यात नवा आकार दाखल झाला. तेल आणि वनस्पती तुपाचे डबे, पुढे दूध पावडरचे, बिस्किटांचे, पेयांच्या पुडींचे गोल डबे, सगळ्यांना घट्ट बसणारे झाकण. रॉकेल हळूहळू हातगाडीवरून आणि रेशनच्या दुकानातून सुटे मिळू लागले, तरी घरात डबा येत राहिला. तो आता स्वयंपाकघराच्या बाजूने येत होता.

मधल्या काळात महायुद्ध झाले, आणि इथे माझ्या म्हणण्यावर पहिला गंभीर आक्षेप येऊ शकतो. १९४२ च्या पूर्वार्धात मलाया आणि ब्रह्मदेश दोन्ही जपानच्या हाती गेले. मलाया हा कथिलाचा जगातला सर्वांत मोठा पुरवठादार होता, तर ब्रह्मदेशातून आपले रॉकेल येत होते. एका फटक्यात डबा आणि डब्यातले तेल दोन्ही दुर्मीळ झाले. १९४३ मध्ये सरकारने लोखंड आणि पोलादाच्या भंगारावर नियंत्रण आणणारा आदेश काढला. तेव्हा भंगार मौल्यवान होते, सरकारला त्याच्यासाठी कायदा करावा लागला, मग घरोघरी साठवण भंगारासाठीच होत असणार, असा हा युक्तिवाद. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते, ते मुंबई प्रांतात विलीन झाले १ मार्च १९४९ रोजी, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातला आदेश इथे जसाच्या तसा लागू असल्याचे गृहीत धरता येत नाही. पण तो मुद्दा मी पुढे करणार नाही, कारण रेल्वेने जोडलेल्या बाजारांत टंचाई सीमा पाहून थांबत नाही. माझे उत्तर वेगळे आहे. टंचाईत वस्तूचे दोन्ही भाव चढतात, वितळवण्याचा आणि वापरण्याचा. नवा डबा मिळेनासा झाला की जुना डबा विकून टाकणारे घर शहाणे ठरत नाही. सरकारी नियंत्रणाचा रोख रूळ, यंत्रांचे भाग, सळया, कारखान्यांतली कात्रणे अशा जड मालावर होता. स्वयंपाकघरातला डबा युद्धाने आणखी घट्ट धरून ठेवायला शिकवले, असेच मानणे तर्काला धरून आहे.

आता फौंड्रीचा मुद्दा. कोल्हापूरच्या यंत्रोद्योगाचा उगम दुरुस्तीत आहे. उसाचे चरक, नदीवरून पाणी उचलणारी ऑइल इंजिने, १९०६ साली सुरू केलेली शाहू मिल, या सगळ्यांचे सुटे भाग बाहेरून येत, आणि बिघडले की इथल्याच कारागिरांना ते घडवावे लागत. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावे या पहिल्या पिढीशी जोडलेली आहेत. युद्धकाळात आयात थांबली तशी या कारागिरीला मागणी वाढली, आणि उद्यमनगरात ओतकाम रुजले. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव या वसाहतींत ते पसरले, आणि आज कोल्हापूर देशातल्या मोठ्या फौंड्री केंद्रांपैकी एक आहे. या भट्ट्यांना भंगार लागते हे अगदी खरे. पण कोणते? जुन्या कपोला भट्टीत कोक, चुनखडी, कच्चे बीड आणि त्याच्या जोडीला बिडाचे भंगार जाते: फुटलेले इंजिन ब्लॉक, चरकाचे मोडके लाट, चाके, जाड पाइप. ओतकाम करणाऱ्याला जाड आणि ओळखीचा माल हवा असतो, कारण त्यातल्या कार्बन-सिलिकॉनचा अंदाज बांधता येतो. डब्याचा पत्रा याच्या अगदी उलट. जाडी मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास, त्यामुळे भट्टीच्या वरच्या भागातच तो जळून ऑक्साइड होतो आणि मळीत जातो. वर कथिलाचा मुलामा, जोडावर शिशाची झाळ. कथिल वितळलेल्या लोखंडातून सहज बाहेर निघत नाही, आणि प्रमाण वाढले की बीड ठिसूळ करते. चांगला फौंड्रीवाला डब्यांचा ढीग भट्टीत लोटत नसतो. तेव्हा 'फौंड्रीला हवा म्हणून डबा साठवला' ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

दुसरीकडून हिशेब करून पाहू. पंधरा किलोचा तेलाचा डबा रिकामा असताना साधारण एक किलो भरतो. महिन्याला एक डबा संपवणारे मोठे एकत्र कुटुंब धरले, तरी वर्षाकाठी बारा डबे, म्हणजे बारा किलो पत्रा. भंगाराच्या दुकानात पत्र्याची प्रत सर्वांत खालची. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम, मग बीड आणि जाड लोखंड, आणि तळाशी पत्रा, हा क्रम कोणत्याही दुकानात दिसतो. वर्षभर माळ्यावर जागा अडवून बारा किलो पत्रा राखण्यात कोणत्या गृहिणीला फायदा दिसला असता? खरी धातूची बचत पाहायची तर ती तांब्या-पितळेच्या भांड्यांत होती. घंघाळ, हंडा, बंब, पातेली फुटली की भांड्यांच्या दुकानात मोड म्हणून जात, वजनावर पैसे धरले जात, आणि वर थोडी भर घालून नवे भांडे घरात येई. तिथे धातू हेच भांडवल होते, घरातली बाई ते जाणून होती, आणि मुलीच्या लग्नात त्याचा हिशेब होत असे. डब्याला अशी प्रतिष्ठा कधीच नव्हती.

मग डब्याला पैसे मिळायचे ते कशाचे? याचे उत्तर भंगारवाल्याच्या हातगाडीपाशी सापडते. तो डबा उचलतो, उजेडासमोर धरून भोक आहे का पाहतो, तळाला अंगठ्याने दाबतो, कडेच्या जोडावर नख फिरवतो. धड निघाला तर नगावर भाव. गळका, पिचलेला, गंजलेला निघाला तर पायाखाली चेपून पोत्यात, आणि किलोवर भाव. नगाचा भाव किलोच्या भावापेक्षा वरचा, कारण तो डबा पुन्हा भरला जाणार असतो: काकवी, तूप, तेल, फरसाण, बेकरीचा माल, रंग. भंगारवाला एकाच गाडीवर दोन धंदे करतो, आणि डब्याच्या बाबतीत त्याला नफा देणारा धंदा वस्तू विकण्याचा आहे. लोखंड विकण्याचा धंदा चेपलेल्या पोत्याचा. ती पोती वरच्या व्यापाऱ्याकडे जातात, तिथे दाबून गठ्ठे होतात, आणि असा हलका माल सळया बनवणाऱ्या पोलाद भट्ट्यांच्या वाटेला लागतो. महाराष्ट्रात त्या धंद्याचे मोठे केंद्र जालना आहे. लहान मुलांची या बाजारात स्वतःची जागा होती. अंगणातला पत्र्याचा तुकडा, सायकलची मोडकी कडी, चेपलेला डबा नेऊन द्यायचा आणि त्यावर गारेगार घ्यायचे. हा व्यवहार वजनकाट्याशिवाय चालायचा.

तरीही राजारामपुरीचे शेजारपण निरर्थक होते असे मी म्हणत नाही. फौंड्रीने डब्याला भाव दिला नाही, पण भंगारवाल्याला दारापर्यंत आणले. उद्यमनगरामुळे परिसरात वजनकाटे होते, गोदामे होती, रोजचा दर माहीत असलेली माणसे होती, हातगाड्या होत्या. बीड आणि जाड लोखंडाच्या शोधात निघालेली गाडी गल्लीतून जाणारच होती, तेव्हा जाता जाता ती रद्दी घेई, बाटल्या घेई आणि डबेही घेई. डब्याचा शेवटचा प्रवास जड लोखंडाच्या पाठीवर बसून होत होता. ज्या गावाजवळ असा उद्योग नव्हता तिथेही डबे जपले जात, पण तिथे गंजलेला पत्रा परड्यात पडून मातीला मिळे. राजारामपुरीत तो विकला जाई. घरातली साठवण दोन्हीकडे सारखीच होती, फरक फक्त शेवटाचा. माझ्या मते या वसाहतीच्या इतिहासातून घेण्यासारखे जे आहे ते हेच, आणि पुढच्या मुद्द्याला ते लागणार आहे.

कोणी म्हणेल, एवढे कशाला, ही सगळी गरिबीची गोष्ट आहे. लोकांकडे नव्हते, म्हणून ते टाकत नव्हते. यात तथ्य आहे, पण अर्धेच. राजारामपुरी ही नोकरदारांची, व्यापाऱ्यांची, बऱ्यापैकी स्थिरावलेल्या लोकांची वसाहत म्हणून वाढली. ज्यांना डबाभर तेल एकदम घेता येत होते त्यांच्याकडेच रिकामा डबा साठत होता. हातावर पोट असणारा माणूस तेल पावशेर-छटाकाने घ्यायचा. त्याला डबा लागला तर तो जुना विकत आणायचा, किंवा फोडून सपाट केलेले पत्रे आणून खोपटाच्या भिंतीला ठोकायचा. म्हणजे साठवणारा आणि वापरणारा हे पुष्कळदा वेगळे होते, आणि त्यांच्यामध्ये एक बाजार उभा होता. गरिबीने त्या बाजारातली मागणी समजते. सुखवस्तू घरांतली साठवण समजत नाही. तिचे कारण असे की मजुरीच्या मानाने घडलेली वस्तू महाग होती. पत्रा कापून, वळवून, झाळून दिलेला डबा दुसरीकडे मिळत नव्हता, तो दुरुस्त करणारा कारागीर मात्र कोपऱ्यावर अल्प मजुरीत मिळत होता. या दोन किमतींतले अंतर जोवर टिकले तोवर माळ्यावर डबे टिकले.

ते अंतर कसे मिटले हे पाहिले की माझ्या म्हणण्याची परीक्षा होते. स्टेनलेस स्टीलचे डबे मध्यमवर्गीय फळीवर आले, आणि धान्य-फराळाला तेलाचा डबा लागेनासा झाला. स्वयंपाकाचा गॅस आला, भुशाची शेगडी गेली. प्लास्टिकची बादली आली, डब्याची बादली गेली. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलाने जलोदराची साथ आली, माणसे मेली, आणि त्याच वर्षी केंद्राने खाद्यतेल पॅकबंदच विकण्याचा आदेश काढला. सुट्या तेलाची जागा लिटरच्या पिशवीने घेतली आणि घरात डबा येण्याचे मुख्य दारच बंद झाले. आता या काळात पोलाद भंगाराची मागणी घटली का? उलट. १९९२ मध्ये पोलादावरची किंमत-नियंत्रणे उठली, भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या वाढल्या, कोल्हापूरचे ओतकामही वाढले. साठवण भंगारासाठी असती तर तिला भर यायला हवा होता. ती संपली. डब्याचे दुसरे आयुष्य संपले तसा तो साठवण्याचा उत्साहही संपला. जे थोडे डबे अजून घरात येतात, रंगाचे, पावडरचे, ते धुऊन ठेवण्याऐवजी ओल्या कचऱ्याबरोबर घंटागाडीत पडतात, आणि ते टाकणाऱ्या माणसाला भंगाराचा दर ठाऊक असूनही पडतात.

आजच्या काळात या जुन्या रीतीला पर्यावरणाचे कोंदण दिले जाते. आजीला पुनर्वापर कळत होता, आपण विसरलो, असे भाषणांतून ऐकू येते. आजीबद्दलचा आदर मला मान्य आहे, पण तिच्या डब्याबद्दल खरे बोलले पाहिजे. झाळीत शिसे होते आणि त्याच डब्यात लोणचे-तेल राहत होते. रॉकेलचा डबा कितीही धुतला तरी त्यात पिण्याचे पाणी भरणे चांगले नव्हते. याहून भयंकर भाग शेतीच्या औषधांचा. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक अन्नधान्यात मिसळल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला, आणि १९७१ च्या नियमांत स्पष्ट लिहिले गेले की वापरलेले डबे बाहेर पडू द्यायचे नाहीत, ते फोडून वस्तीपासून दूर पुरायचे, म्हणजे कोणी पुन्हा वापरणार नाही. उसाच्या पट्ट्यात या नियमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. खाद्यतेलाचा डबा पुन्हा खाद्यतेलासाठी वापरायला अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी मनाई केली, तीही याच कारणाने: आधी त्यात काय होते हे डबा सांगत नाही. म्हणजे नगावरचा बाजार बंद करणेच योग्य होते. जुन्या पुनर्वापराकडे परत जा, असा सल्ला मी कोणाला देणार नाही. डब्याला आता एकच चांगला शेवट आहे, वितळण्याचा. आणि नेमका तोच टप्पा घराला कधी आकर्षक वाटला नव्हता.

हे काम मग करते कोण? कचरावेचक बाया. १९९३ मध्ये पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने त्यांची संघटना उभी राहिली, तिचे नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्या वर्षी या बायांचे पोट कशावर चालत होते त्याची यादी नावातच आहे, आणि प्लास्टिकचा त्यात उल्लेख नाही. कोल्हापुरात 'अवनि'सारखी संस्था कचरावेचक महिलांबरोबर काम करते. एके काळी राजारामपुरीच्या घरात डबा धुणे, वाळवणे, वेगळा ठेवणे ही कामे होत. ती आज या बाया कोंडाळ्याशी आणि कसबा बावड्याच्या कचरा डेपोवर करतात, फरक इतकाच की त्यांना ती कुजलेल्या अन्नातून हात घालून करावी लागतात. कापलेल्या डब्याची कड हाताला लागते. पेयांचे ॲल्युमिनियमचे कॅन त्या आधी उचलतात, कारण त्यांना भाव चांगला. ॲल्युमिनियम नव्याने बनवण्यापेक्षा वितळवून घेण्यात सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, त्यामुळे तो भाव टिकूनही आहे. पत्रा मागे राहतो, आणि ओल्या कचऱ्यात गंजून डेपोत गाडला जातो.

यावर माझे म्हणणे स्पष्ट आहे. घराघरांना काटकसरीची किंवा निसर्गप्रेमाची शिकवण देऊन पत्रा परत मिळणार नाही, कारण त्या कारणांनी तो कधी जपलाच गेला नव्हता. राजारामपुरीच्या इतिहासात पत्रा वाया गेला नाही तो दारावर नियमित येणाऱ्या माणसामुळे. तो माणूस पुन्हा उभा करायचा असेल तर त्याला, आणि आता बहुतांशी तिला, ओळखपत्र, हातगाडी उभी करायला जागा आणि माल निवडायला प्रभागात छपराखालचा कट्टा द्यावा लागेल. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती, तेव्हा ही मागणी नवी नाही. महापालिकेने ती राजारामपुरीत करून दाखवावी, कारण भंगाराचे वजनकाटे अजून इथे हाकेच्या अंतरावर आहेत. आणि गल्लीतल्या वाचकाला एवढीच विनंती की डबा, कॅन, झाकण जे काही पत्र्याचे असेल ते विसळून, धारदार कड आत वळवून, वेगळ्या पिशवीत गाडीवरच्या बाईच्या हातात द्यावे. त्याचे पैसे तिलाच राहू द्यावेत.